हात मोकळे असले तरी लक्ष कुठे असतं?

जुम्याची नमाज सुटली की मशिदीसमोरच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा. गाडी सुरू होते ना होते तोच फोन वाजतो. मग मान वाकडी, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, आणि गाडी गर्दीतून पुढे. हेल्मेट असलंच तर त्यात फोन खोचलेला. आमच्या भगिनीही मागे नाहीत, स्कार्फच्या आत कानाशी फोन दाबून स्कूटी चालवतात. टोकलं तर उत्तर ठरलेलं, "हात तर मोकळे आहेत ना, सर!"

हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांतही आहे. धोका फक्त हात अडकल्याचा नसतो, लक्ष अडकल्याचा असतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन या संशोधकांनी २००१ मध्ये हे प्रयोगशाळेत तपासून पाहिलं. फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल जास्त चुकले, आणि जे दिसले त्यांनाही त्यांनी उशिरा प्रतिसाद दिला. फोन हातात होता की हँड्स-फ्री, याने काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचं असं झालं नाही. कारण ऐकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. उत्तर द्यायचं म्हणजे विचार करावा लागतो, आणि तेवढा वेळ डोळे उघडे असूनही समोरचं माणूस ‘दिसत’ नाही.

मग शेजारी बसलेल्याशी बोलतो तेव्हा काय? तोही प्रश्न मुलं विचारतात. शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो, उलट "अरे सांभाळ" म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो पावणेतीन हजारांच्या उधारीबद्दल बोलतच राहतो.

मेसेज वाचणं तर याहून वाईट, कारण तिथे डोळेही जातात. नववीच्या वर्गात आम्ही हे गणित म्हणून घेतलं. वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. मेसेजवर नजर टाकायला तीन सेकंद धरा. ३३ मीटर झाले. नुसत्या फळ्यावर पटेना, म्हणून टेप घेऊन मैदानात गेलो. एक मुलगा फाटकाशी उभा केला, दुसरा ३३ मीटरवर. मधल्या जागेत अख्खा वर्ग मावला! तेवढं अंतर गाडी कुणी न बघता चालली, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नाही. मुलं हसली, मग हळूहळू गप्प झाली. एक मुलगी म्हणाली, "सर, माझे अब्बा रोज असं करतात. मी मागे बसलेली असते."

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात फोनमुळे नेमकी किती गेली, हा आकडा कागदावर कमीच दिसणार. अपघातानंतर "मी फोन बघत होतो" असं स्वतःहून कोण सांगतो?

कायद्याबद्दलही थोडं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नकाशा पाहायला मुभा आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये.

दंडाची भीती चौकापुरती असते, हे आम्हालाही कळतं. पण आपल्या लोकांनी आणखी एक हिशेब लक्षात घ्यावा. अपघात झाला की आपण "तकदीर में लिखा था" म्हणून मोकळे होतो. पवित्र कुरआन मात्र चुकून झालेल्या हत्येलाही तसं मोकळं सोडत नाही. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत मृताच्या वारसांना दियत आणि त्यासोबत कफ्फारा सांगितला आहे. आज गुलाम मुक्त करण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून उरतात सलग दोन महिन्यांचे रोजे. चालकाच्या चुकीने गाडीखाली कुणी दगावलं तर हाच हुकूम लागू होतो, असं अनेक मुफ्ती सांगतात. तपशील आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. पण एका "हॅलो"साठी साठ रोजे आणि कुणाच्या तरी घरातला कायमचा रिकामा कोपरा, हा सौदा कोण करेल?

आणि दोष फक्त चालवणाऱ्याचा नाही, फोन करणाऱ्याचाही आहे. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची पंधरा मिनिटं आठवा. रोजेदार दिवसभराचा उपाशी, थकलेला, घाईत. आणि घरून फोनवर फोन, "कुठवर आलात? खजूर घेतले का? बर्फ?" घरच्यांना माहीत असतं की तो गाडीवर आहे, तरीही फोन लावतात. उचलला नाही तर पुन्हा लावतात. आम्ही आता मुलांना सांगतो, फोन लागला की सलामनंतर पहिला प्रश्न "गाडीवर आहात का?" उत्तर हो असेल तर लगेच फोन ठेवायचा. यादी निघण्याआधीच द्यायची. आणि ज्याला फोन घ्यायचाच आहे, त्याने गाडी बाजूला लावून घ्यावा.

पंधरा दिवसांनी वर्गात विचारलं, घरी काही फरक पडला का? ती मागे बसणारी मुलगी उठली. अब्बा आता फोन डिक्कीत टाकतात, म्हणाली. "पण सर, घरी पोचून बघितलं तर अम्मीचे सात मिस्ड कॉल. मग दोघांचं जाम भांडण झालं."