पाणवनस्पतींच्या टाकीत प्रकाश, कर्बवायू आणि प्रवाहाचा मेळ

शोभिवंत माशांच्या टाकीतील पाणवनस्पतींवर शेवाळ वाढले, की प्रथम खत कमी केले जाते. त्याआधी प्रकाश तपासा. प्रकाश वाढला की वनस्पतींची कर्बवायूची गरजही वाढते. ती भागली नाही तर वाढ खुंटते आणि जादा प्रकाशाचा फायदा शेवाळाला मिळतो.

- प्रकाश : सुरवातीला दिवसाला ६ तास दिवा लावा. नवी पाने जोमदार फुटू लागल्यावर ८ तासांपर्यंत वाढवा. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नका.
- कर्बवायू : सिलिंडरमधून देत असल्यास प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवा. दिवा लागण्याआधी १ ते २ तास वायू सुरू करा, दिवा विझण्याआधी तासभर बंद करा. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. अशा वेळी वायू सुरू राहिला तर मासे दगावतात.
- प्रवाह : हवेच्या तुलनेत पाण्यात कर्बवायू सुमारे १० हजार पट हळू पसरतो. म्हणून चारही कोपऱ्यांतील पाने हलकी डुलतील इतका प्रवाह ठेवा. पृष्ठभागावर बारीक लहरी पुरेशा आहेत. पाणी जोरात उसळल्यास वायू उडून जातो.

मासे वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागल्यास वायू ताबडतोब बंद करून एअर पंप लावा आणि थोडे पाणी बदला.

सिलिंडरचा खर्च परवडत नसेल, तर मंद प्रकाशात वाढणाऱ्या अनुबियास, क्रिप्टोकोरीन यांची निवड करा. एका वेळी एकच बदल करा आणि ८ ते १० दिवस नवीन पानांचे निरीक्षण करा.