देहाची जहागीर

पॅरिसच्या पूर्वेकडील शेतकरी मुलुखात, बल्गेरियन पिता आणि पोलिश माता यांच्या पोटी १९४६ साली जन्मलेला आंद्रे रूसिमॉफ पुढे ‘आंद्रे द जायंट’ या नावाने दोन्ही गोलार्धांत विख्यात झाला. त्याच्या पीयूषिका ग्रंथीतून वृद्धीचे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवत असे. तारुण्यातील हाडांची वाढ थांबण्यापूर्वी हा विकार जडला, म्हणजे उंची अमर्याद वाढते. ती थांबल्यावरही जबडा, कपाळ, हात आणि पाय रुंदावतच राहतात, आणि हृदयावरचा भार वर्षानुवर्षे वाढत जातो. ज्या व्याधीने त्याला जहागीर दिली, तिनेच ती जप्त करण्याची मुदतही ठरवून ठेवली होती.

तरुणपणी पॅरिसला येऊन दिवसा सामान वाहण्याची मजुरी आणि उरलेल्या वेळात कुस्तीची तालीम असा क्रम त्याने काही काळ चालविला. आणि शतवर्षीय युद्धात इंग्रजांशी झुंजलेल्या ग्रां फेरे या पिकार्डीच्या बलदंड शेतकऱ्याची आठवण करून देणारे ‘जेआँ फेरे’ हे नाव धारण करून तो आखाड्यात उतरला. १९७० मध्ये जपान आणि पुढच्याच वर्षी कॅनडातील माँट्रियल त्याने गाजविले. परंतु तेथे एक विपरीत गोष्ट घडली. त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी उरला नाही आणि रोज पाहून सवय झालेल्या प्रेक्षकांची गर्दी ओसरू लागली.

हा पेच सोडविला तो न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट मॅकमेहन या मुत्सद्दी व्यवस्थापकाने. त्या काळी अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा कारभार निरनिराळ्या इलाख्यांत विभागलेला असे, आणि प्रत्येक मक्तेदार आपली हद्द डोळ्यांत तेल घालून राखीत असे. १९७३ पासून मॅकमेहनने आंद्रेला एका गावी मुक्काम ठोकू न देता इतर मक्तेदारांकडे थोड्या थोड्या दिवसांसाठी उसना देण्याची वहिवाट पाडली, आणि त्याची उंची सात फूट चार इंच असल्याचा पुकारा सर्वत्र सुरू झाला. त्या आकड्यात व्यापाऱ्याचे माप किती आणि फूटपट्टीचे किती, हे ज्याचे त्याने ताडावे! लोक निकाल पाहण्यास येत नसत. असा मनुष्य खरोखर असतो काय, याची आपल्या डोळ्यांनी शहानिशा करण्यास येत. एकदा शंका फिटली की कुतूहल विझते, हे मॅकमेहनने ओळखले होते.

या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असे. लाल मातीवर वाढलेल्या आपल्या वाचकास अशा पूर्वनिश्चित कुस्तीविषयी तुच्छता वाटणे स्वाभाविक आहे. तथापि वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग या मल्लांच्या तशाच लढती पाहण्यास लोटलेल्या मुंबईकरांनी ही तुच्छता फार पाळली, असे म्हणवत नाही.

कीर्तीची किंमत मात्र क्षुद्र गोष्टींत चुकवावी लागे. विमानातील शौचालयात त्याचा देह मावत नसे. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या चित्रपटात फेझिक या सहृदय महाकायाची भूमिका करताना पाठ इतकी निकामी झाली होती की, सडपातळ नायिका झेलण्याच्या दृश्यात तिला तारांचा आधार द्यावा लागला.

अशा स्थितीत २९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतील पाँटियाक येथे झालेल्या लढतीत हल्क होगन या मल्लाने त्याला उचलून आपटले. पंधरा वर्षे अजिंक्य असलेल्या, आणि कोणी कधी न उचललेल्या आंद्रेचा हा पराभव, अशी त्या लढतीची जाहिरात होती. वस्तुतः होगननेच १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्याला एकदा उचलून आपटले होते! प्रेक्षकसंख्या ९३,१७३ सांगण्यात आली. तिच्याविषयीही पुढे तंटे झालेच. परंतु या जुन्या लबाड्यांच्या पोटात एक गोष्ट निखालस खरी होती. ज्या खेळात पराभव परस्परसंमतीनेच होतो, तेथे आंद्रेने मनावर घेतले नसते, तर त्या अवाढव्य देहास जमिनीवरून हलविणे होगनच्या बाहुबळास साध्य झाले नसते. आपल्या कीर्तीचा दस्तऐवज त्याने उघड्या डोळ्यांनी दुसऱ्याच्या नावे करून दिला.

पित्याच्या अंत्यविधीसाठी मायदेशी गेला असता, जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसच्या हॉटेलात वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत झाला. तो ज्या कुस्ती-कंपनीत गाजला, तिने त्याच वर्षी मानकऱ्यांची नामावली सुरू केली, आणि तीत पहिले नाव त्याचे घातले. अनेक मल्ल एकाच वेळी रिंगणात उतरून एकमेकांस दोरांबाहेर फेकतात, त्या प्रकारात तो विशेष गाजला होता. त्याच प्रकारची एक लढत २०१४ पासून त्याच्या नावे सुरू झाली.