व्हील जड नको, बोलकं हवं: फोर्स फीडबॅक नीट कसा लावायचा

लोकलच्या गर्दीत हेडफोन काढता आला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय. विषय एकच, रेसिंग व्हीलचा फोर्स फीडबॅक. सेटिंग करताना हे पान मोबाईलवर उघडं ठेवा.

आधी माझी फजिती सांगतो. मी शीवला राहतो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. पहिल्या पगारातून सेकंडहँड व्हील घेतलं, गिअरवालं. डोक्यात एकच खूळ: जितकं जड, तितकं खरं. म्हणून गेन 100 वर आणि सगळे इफेक्ट फुल्ल. महिनाभरात मनगट दुखायला लागलं, खालच्या आजी रोज रात्री ‘काय खडखड लावलीय रे’ म्हणून ओरडायच्या आणि मोंझाचा लॅप टाइम काही केल्या उतरेना. शेवटी व्हील विकायचं ठरवून फोटोसुद्धा काढले.

वाचवलं बाबांनी. त्यांनी कित्येक वर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवली, म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा प्रश्नच नाही. सहज म्हणून बसले, दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, “अरे, हे नुसतं जड आहे. पावसात किंग्ज सर्कलला टायर तरंगायला लागला की पद्मिनीचं स्टेअरिंग हातात हलकं व्हायचं. तेव्हाच कळायचं, आता पाय काढ. हे काही सांगतच नाही.”

बस्स, सगळा फोर्स फीडबॅक या दोन वाक्यांत आला. वळणावर टायर स्टेअरिंगला सरळ आणायला बघतो, तो जोर हाताला लागतो. वळण कडक झालं की जोर वाढतो. पण पुढच्या टायरची पकड संपत आली की पकड सुटायच्या जरा आधीच तो जोर कमी व्हायला लागतो. हे हलकं होणं म्हणजे टायरची शीव. शीव म्हणजे हद्द, आपल्या स्टेशनाच्या नावातलीच. त्या हद्दीवर गाडी टिकवता आली की लॅप टाइम उतरतो.

मग माझं व्हील मुकं का होतं? कारण क्लिपिंग. प्रत्येक मोटरची ताकद ठरलेली असते. लॉजिटेक जी29 सारख्या गिअरच्या व्हीलची साधारण 2 न्यूटन मीटर, तर सुरुवातीच्या डायरेक्ट ड्राइव्हची 5 च्या आसपास. गेमने मोटरकडे 130 टक्के जोर मागितला तरी ती 100 च देणार. टायरचा जोर 130 वरून 110 वर उतरला तरी हाताला 100 च लागणार. म्हणजे नेमकी कामाची खबर कापली गेली. स्पीकर फुल्ल केल्यावर आवाज फाटतो ना, तसंच.

आता सेटिंग. मी असेट्टो कोर्साची नावं सांगतो, बाकी गेममध्ये थोड्या फरकाने हेच पर्याय मिळतील.

पहिलं, व्हीलचं सॉफ्टवेअर. फिरण्याची मर्यादा 900 अंश ठेवा. सेंटरिंग स्प्रिंग बंद करा. तो गाडीचा जोर नाही, नुसता मधे ओढणारा खोटा जोर आहे.

दुसरं, गेन. एकच गाडी, एकच ट्रॅक घ्या. मी बीएमडब्ल्यू झेड4 जीटी3 आणि मोंझा घेतो, कारण शेवटचं पॅराबोलिका वळण लांब आणि वेगाचं आहे. स्क्रीनवर पेडल्सची छोटी खिडकी उघडा. त्यात फोर्स फीडबॅकची पट्टी असते, क्लिपिंग झालं की लाल होते. कर्बवर क्षणभर लाल झाली तर हरकत नाही. पण अख्ख्या वळणात लालच राहत असेल तर गेन कमी करा. प्रत्येक गाडीचा जोर वेगळा, म्हणून गाडीनुसार फरक नमपॅडवरच्या प्लस-मायनसने करा.

तिसरं, मिनिमम फोर्स. गिअरच्या व्हीलमध्ये घर्षणामुळे मधोमध बारीक जोर हाताला पोचतच नाही. ही सेटिंग तो वर उचलते. सरळ रस्त्यावर दोन-दोनने वाढवत जा. हात ढिला सोडल्यावर व्हील आपोआप डावीकडे-उजवीकडे डोलायला लागलं की जास्त झालं, थोडं मागे या. गिअरवाल्यांचं बहुतेक वेळा 15 ते 20 च्या आसपास जमतं. डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर 0 पासून सुरू करा.

चौथं, कर्ब, रोड आणि स्लिप इफेक्ट. हे वरून टाकलेले मसाले आहेत. आधी सगळे 0 करा. चव कमी वाटली तर 5-10 पर्यंत वाढवा. जास्त टाकलेत तर खरी खबर थरथरीत बुडते, आणि गिअरची खडखडही वाढते. फिल्टर पण 0 च ठेवा. तो जोर गुळगुळीत करतो, पण बारकावे पुसतो.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा: एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन लॅप मारा, आकडा लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणारच नाही. आणि डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनो, भिंतीला धडकणार असं दिसलं की हात सोडा. अंगठा आऱ्यात अडकला तर मुरगळतो.

माझा गेन शेवटी 65 वर थांबला. पहिल्या दिवशी व्हील अगदी पुचाट वाटलं. तिसऱ्या दिवशी पॅराबोलिकात ते हातात हलकं झालं, मी जरासा पाय काढला आणि गाडी रेषेवर परत आली. महिनाभर जे चुकत होतं ते हाताने सांगितलं, डोळ्यांनी नाही. मनगट आता दुखत नाही. टेबलाच्या पायांखाली रबरी मॅट टाकलीय, त्यामुळे आजीही शांत आहेत.

व्हील विकायचे फोटो डिलीट केलेत. तुमचंही विकायला काढलं असेल तर आज रात्री आधी गेन कमी करून बघा. किती आकड्यावर थांबलात ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. पुढचा विषय ब्रेक पेडल. भेटूया!