धुता येणारा एअर फिल्टर : आपल्याकडच्या धुळीत त्याची निगा

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील घराघरांत गाड्या आल्या आणि गाड्यांसोबत मुलांचे शौकही आले. अलॉय व्हील झाले, म्युझिक सिस्टिम झाली, की पुढचा नंबर 'कोल्ड एअर इनटेक'चा लागतो. कंपनीने दिलेला काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, त्या जागी चकचकीत पाइप बसवायचा आणि पाइपाच्या टोकाला लाल, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावायचा. आमच्याही घरी तो आला. पुतण्याने नागपूरहून आणून आपल्या डिझेल गाडीला बसवला. 'आयुष्यभर चालतो, फक्त धुवायचा,' असे त्याला दुकानात सांगितले होते. तो 'फक्त' आम्हाला चांगलाच महागात पडला. मंडळातील आणखी तीन-चार घरांत हेच फिल्टर लागल्याचे कळले, म्हणून हे लिहायला घेतले.

आधी थोडा हिशेब. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे लिटरमागे साधारण ११ किलो हवा. आकारमानात सांगायचे तर ९ हजार लिटर. बालाघाटहून गोंदियाला जाऊन परत यायला सहा लिटर पेट्रोल लागले असे धरले, तर इंजिनाने ५० हजार लिटरपेक्षा जास्त हवा ओढली. गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या शंभर टाक्या भरतील इतकी. डिझेल गाडी तर याहूनही जास्त हवा ओढते. ही सगळी हवा एका फिल्टरमधून जाते.

आणि ही हवा कुठली? भरवेलीच्या रस्त्यावर मँगनीजचे ट्रक चालतात, त्यांच्या मागे काळपट धूळ उडत असते. बैहरकडे घाट चढताना कडेची मुरमाड माती उडते. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची मळणी सुरू झाली की कुसळ आणि तूस हवेत असते, आणि राइस मिलच्या बाजूने गेलो तर काचेवरही थर बसतो. चिन्नोरचा सुगंध आपल्याला प्रिय आहे, पण त्याचा कोंडा इंजिनाला मानवत नाही. सर्वांत वाईट असते ती साध्या मातीतली बारीक रेती. तिचे कण पोलादापेक्षा कठीण असतात. ते आत गेले आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळले, की पॉलिश पेपरसारखे काम करतात. पिस्टनच्या रिंगा झिजतात, गाडी ऑइल खाऊ लागते, धूर मारते. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही.

कंपनीचा फिल्टर कागदाचा असतो. त्याची छिद्रे फार बारीक असतात, तो धूळ चांगली अडवतो, भरला की फेकायचा. तो धुवायचा नसतो, हे आधी सांगून टाकतो, कारण कागदाचा फिल्टर नळाखाली धरलेला आम्ही पाहिला आहे. लाल फिल्टर सुती कापडाच्या थरांचा असतो. दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि मध्ये घड्या घातलेले कापड. कापडाची छिद्रे मोठी असतात, त्यामुळे हवा मोकळी जाते. धूळ अडवायचे काम मुख्यतः त्या कापडात मुरलेले चिकट तेल करते. ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर किंवा जीप होती त्यांना 'ऑइल बाथ'चा डबा आठवेल. हवा तेलावरून जायची आणि धूळ तेलात बसायची. कल्पना तीच. तेव्हा तेल कमी पडले तर तो फिल्टर नुसती चाळणी आहे, आणि जास्त झाले तर काय होते ते आमच्याकडून ऐका.

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही काका-पुतण्यांनी मिळून तो फिल्टर काढला. धुतला. लवकर वाळावा म्हणून पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारली. मग बाटलीतले तेल घड्यांवर सढळ हाताने ओतले, म्हटले कमी नको पडायला. चार दिवसांनी इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी चढावर दम टाकू लागली. मेकॅनिकने पाइप उघडून दाखवले. आत येणारी हवा मोजणारा एक नाजूक सेन्सर असतो, त्याच्या तारेवर आमचे तेल उडून बसले होते. त्यामुळे हवा किती येते याचे माप चुकत होते. हा सेन्सर बहुतेक डिझेल गाड्यांत असतो. पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला हा त्रास कमी. आमचा सेन्सर खास स्प्रे मारून साफ झाला म्हणून भागले. पण खरे दुखणे पुढे होते. फिल्टर उजेडासमोर धरला तर एका घडीत कापड विरून बारीक भोक पडलेले दिसले. ती कॉम्प्रेसरच्या हवेची करामत. त्या भोकातून किती धूळ आत गेली असेल याचा हिशेब आम्हाला लागला नाही. फिल्टर मात्र टाकून द्यावा लागला.

म्हणून आता धुण्याची रीत. पहिली गोष्ट, आपला फिल्टर तेलाचा आहे की कोरडा, हे डब्यावर वाचा. काही फिल्टर कृत्रिम धाग्याचे असतात, त्यांना तेल लावायचेच नसते. तेलाचा असेल तर इंजिन थंड असताना काढावा, आणि उघड्या पाइपाच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे. पुन्हा बसवताना ते कापड काढायचे विसरू नये (हसू नका, असे होते). सुटी धूळ हलक्या हाताने ठोकून पाडावी. त्यासाठीचे क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून दहा मिनिटे मुरू द्यावे, पण वाळू देऊ नये. पेट्रोल, रॉकेल, कपड्यांची पावडर यांतले काही वापरू नये. मग कमी दाबाच्या पाण्याने धुवावे, आणि पाणी नेहमी आतून बाहेर सोडावे. बाहेरून मारले तर अडकलेली धूळ कापडात आणखी खोल जाते. कार वॉशिंगचा प्रेशर पाइप तर दूरच ठेवावा.

वाळवणे सावलीत, आपोआप. मे महिन्यात दोन-तीन तासांत वाळतो, श्रावणात मात्र रात्रभर ठेवावा लागतो आणि तरीही हात लावून पाहावे. ओल्या कापडात तेल मुरत नाही. गाडीची घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

तेल प्रत्येक घडीच्या टोकावर एकच बारीक रेघ, बाहेरच्या बाजूने. स्प्रे असेल तर प्रत्येक घडीवरून एकदाच हात फिरवावा. मग वीस मिनिटे काही करू नये. तेल रंगीत असते ते यासाठीच, ते कापडात पसरताना दिसते. जिथे पांढरट ठिपके राहिले असतील तेवढ्याच ठिकाणी थोडे लावावे. थेंब गळत असेल तर तेल जास्त झाले, पुसून, टिपून घ्यावे आणि रात्रभर तसाच ठेवावा.

किती दिवसांनी धुवायचा? काही कंपन्या साध्या रस्त्यांसाठी ८० हजार किलोमीटरपर्यंतचा आकडा देतात. भरवेली-उकवा रस्त्यावर रोज जाणाऱ्याने तो आकडा विसरावा. पण दर महिन्याला धुणेही चुकीचे. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त चांगली धूळ अडवतो, आणि प्रत्येक धुण्यात कापड थोडे झिजते. आम्ही दोन वेळा तपासतो, मळणी संपल्यावर आणि मेच्या शेवटी पावसाआधी. घड्यांवरची तारेची जाळी धुळीखाली दिसेनाशी झाली असेल तर धुतो, नाहीतर तसाच परत लावतो. तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकाच्या मागच्या पानावर लिहितो.

याहून महत्त्वाची तपासणी म्हणजे पांढरा रुमाल. फिल्टर काढल्यावर त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोटाला रुमाल गुंडाळून फिरवावा. रुमालावर धूळ आली तर फिल्टर फाटला आहे किंवा क्लॅम्प ढिला आहे. मग फिल्टर कितीही चकचकीत दिसो, गाडी तशी चालवू नये. आमचे भोक आम्ही आधी असे तपासले असते तर तेव्हाच सापडले असते. क्लॅम्प घट्ट करताना रबरी नळीला चीर नाही ना, तेही पाहावे.

पावसाळ्याचे वेगळे सांगतो. अशा पुष्कळ किटांत फिल्टर खाली, बंपरच्या मागे येतो, कारण तिथे हवा थंड असते. पण रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली तर तोच फिल्टर पाण्यात बुडतो आणि इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना नाल्यांचे पाणी किती लवकर चढते हे सांगायला नको.

आता घरोघरी होणारा प्रश्न : बसवावा की नाही? हवा दर दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते, त्यामुळे थंड हवेचा मुद्दा खोटा नाही. पण बहुतेक गाड्यांत कंपनीचा डबाही पुढच्या जाळीजवळूनच हवा घेतो, बोनेटखालची गरम हवा नाही. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलर हवा पुन्हा थंड करतो. तेव्हा मुख्य फरक पडतो तो आवाजात. आवाजासाठी मुलांना तो हवा असेल तर ठीक आहे, पण बिल जपून ठेवावे आणि वॉरंटी, विम्यावर काय परिणाम होईल ते बसवण्याआधी लेखी विचारून घ्यावे. पुतण्याने शेवटी कंपनीचा डबा परत लावला आणि आत कागदाचा फिल्टर टाकला. पाइप आणि जाळी आमच्या स्टोअर रूममध्ये आहेत. कुणाला पाहायचे असेल तर मंडळाच्या बैठकीत आणून दाखवू, भोकासकट.