मुंबई सोडावी का?

मुलांनो, घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडला राहणाऱ्यांनी लाल बहादूर शास्त्री मार्ग रोज पाहिला असेल. जुनी माणसे त्याला अजूनही आग्रा रोड म्हणतात. हे नाव उगीच पडलेले नाही. शास्त्री मार्ग हा आग्र्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्याचा सुरुवातीचा तुकडा आहे. तो जुना रस्ता ठाण्याहून भिवंडीला जातो, पुढे कसारा घाट चढतो आणि नाशिकला पोहोचतो. नाशिकच्या पुढे सुमारे शंभर किलोमीटरवर मालेगाव लागते.

याच रस्त्याने कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईला आली. आता काही घरांत उलटे बोलणे ऐकू येते. "खोलीचे भाडे परवडत नाही. नाशिकला जावे का? मालेगावला मामू आहेत, तिकडे जावे का?" हे बोलणे बहुधा रात्री जेवणानंतर होते आणि मुले झोपली आहेत असे समजून होते. मुले मात्र जागी असतात. म्हणून हा विषय तुमच्यासमोर मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. घर हलवणे मुंबईला नवीन नाही. ज्या उपनगरांत आपण राहतो, ती एके काळी मुंबईबाहेरची गावे होती. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. बोरिवली आणि मुलुंड त्यानंतर, १९५७ साली आले. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. आता जनगणनेचे आकडे पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ४० हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली, म्हणजे कमी झाली. उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली. शेजारचा ठाणे जिल्हा तर ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर पोहोचला. आजोबा मदनपुऱ्यात, अब्बा कुर्ल्यात आणि चाचा मुंब्र्यात, अशी घरे तुमच्या वर्गातही निघतील.

सगळ्यांनीच विचार करून घर हलवले असे मात्र नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील पुष्कळ मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला राहायला गेली. फायदे किती, तोटे किती, हे मांडत बसायला त्यांना सवडच नव्हती. जिथे जीव सुरक्षित वाटला, तिथे ती गेली. ज्यांना शांतपणे बसून विचार करता येतो, त्यांना एक मोठी सोय मिळालेली आहे असे मी समजतो.

आता असे समजा की तुमचे घर मुलुंडला आहे. घरात अब्बा, अम्मी, दादी, भाईजान आणि तुम्ही आहात. अब्बा मस्जिद बंदरला एका दुकानात काम करतात. अम्मी घरी साड्यांना फॉल लावून आणि पिको करून चार पैसे मिळवतात. भाईजान बारावीत आहे आणि तुम्ही नववीत. नाशिकला अब्बांना काम मिळण्यासारखे आहे. जावे की न जावे?

पहिला विचार वेळेचा. मुलुंडहून मस्जिद बंदरला लोकल गाडीला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. घरापासून स्टेशनपर्यंतचे चालणे, गाडीची वाट पाहणे आणि पुढचे चालणे धरले, तर एका बाजूला दीड तास जातो. जाऊन-येऊन तीन तास. महिन्यात पंचवीस दिवस काम असेल, तर पंचाहत्तर तास झाले. पंचाहत्तर तास म्हणजे तीन अख्खे दिवस आणि तीन अख्ख्या रात्री, वर तीन तास. दर महिन्याला अब्बा एवढा वेळ प्रवासात घालवतात, आणि त्यातला बराचसा उभ्याने. नाशिकमध्ये जुन्या वस्तीतून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जायचे असेल, तर अंतर सात-आठ किलोमीटर आहे. अब्बा संध्याकाळी उजेड असताना घरी येतील. लहानपणी वडिलांना फक्त रविवारी पाहिलेल्या मुलांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण याच ठिकाणी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अब्बांचा प्रवास सोपा होतो, तेव्हा अम्मींचा प्रवास कधीकधी अवघड होतो. मुंबईत बायकांसाठी रेल्वेचे वेगळे डबे आहेत. गाड्या मध्यरात्रीपर्यंत धावतात आणि रस्त्यावर माणसांची वर्दळ असते. अम्मी कुर्ल्याला खालाजानकडे एकट्या जाऊन येतात. कोणाला विचारावे लागत नाही, कोणाची वाट पाहावी लागत नाही. नाशिकमध्ये लोकल गाडी नाही. २०२१ साली तेथे महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, ही चांगली गोष्ट झाली. तरी मुंबईसारखी दर चार मिनिटांनी काहीतरी मिळेल, असे तेथे नाही. मग घरोघरी मोटारसायकल घेतली जाते. ती अब्बा चालवतात किंवा भाईजान चालवतो. अम्मी आणि मुली मागे बसतात, म्हणजे दुसऱ्याला सवड असेल तेव्हाच बाहेर पडतात. घरातील स्त्रीला स्कूटर शिकवायची तयारी असेल, तरच हा तोटा भरून निघतो. मला हा मुद्दा भाड्याच्या मुद्द्याइतकाच मोठा वाटतो.

भाड्याचे तर उघड आहे. मुंबईत एका खोलीला जे भाडे पडते, तेवढ्यात नाशिकला बहुधा त्याहून मोठे घर मिळते. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसे राहत होती. जागा महाग होण्याचे कारण या एका आकड्यात आहे. नाशिकला दादींना झोपायला वेगळी खोली मिळू शकेल. तुम्हाला अभ्यासाला कोपरा मिळेल. पण मजुरी आणि पगारही तेथे कमी असतात, हे विसरू नका. भाड्यात वाचलेला पैसा पगारात गेला आणि वर मोटारसायकलचे पेट्रोल आले, तर हातात काय उरले, हे कागदावर मांडूनच कळते.

कामाचा आणखी एक प्रश्न आहे. मुंबईत एका दुकानातील नोकरी सुटली, तर माणूस शेजारच्या गल्लीत दुसरी शोधतो. लहान शहरात गल्ल्या थोड्या असतात. तरी नाशिकची स्थिती बरी आहे. तेथे सातपूर आणि अंबडचे कारखाने आहेत. नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापणारी सरकारी छापखाने आहेत. ओझरला विमानांचा कारखाना आहे, आणि जिल्ह्यात द्राक्षे व कांद्याचा मोठा व्यापार चालतो. एक धंदा मंदावला तर दुसरा आधार देतो. मालेगावचे तसे नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर मोसम नदीच्या काठी स्थिरावले आणि हे गाव मागांचे झाले. आज तेथे यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चालते, ती शुक्रवारी थांबते. सूत महागले किंवा कापडाला उठाव नसला, की मागवाला बसतो. त्याच्याबरोबर चहावाला बसतो, रिक्षावालाही बसतो. सगळे शहर एकाच धाग्याला बांधलेले असते. अब्बांना मागाचे काम येत असेल तर मालेगाव आपले वाटेल. हार्डवेअरच्या दुकानातील माणसाने तेथे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

शाळेचे काय? आपल्या इयत्तांची पुस्तके बालभारतीची आहेत आणि दहावीची परीक्षा राज्य मंडळाची आहे. नाशिकला त्याच मंडळाचा विभाग आहे. त्यामुळे पुस्तके बदलत नाहीत. उर्दू माध्यमाच्या शाळा मालेगावात भरपूर आहेत, नाशिकमध्ये त्यामानाने थोड्या आहेत. अडचण पुढे येते. अकरावीला विज्ञान, वाणिज्य की आणखी काही, आणि ते कोणत्या भाषेत, हे आधी पाहायला हवे. बारावीतल्या भाईजानला वर्षाच्या मध्येच उचलून नेणे मला मुळीच पसंत नाही. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले, म्हणजे शहर शिक्षणात मागे आहे असे नाही. पण मुंबईत दोन स्टेशनांच्या अंतरावर जितकी महाविद्यालये आहेत, तितकी निवड तेथे मिळणार नाही.

आणि मराठी! उपनगरात आपण मोडक्यातोडक्या हिंदीवर दिवस काढतो. भाजीवाला हिंदी बोलतो, रिक्षावाला हिंदी बोलतो. मराठीचा तास संपला की मराठी संपते. नाशिकच्या बाजारात, बसमध्ये, सरकारी कचेरीत मराठीच कानांवर पडते. सहा महिन्यांत तुमची जीभ वळेल. शिक्षक म्हणून मला हा फायदा मोठा वाटतो, तुम्हाला कदाचित आधी धास्ती वाटेल. मालेगावच्या उर्दू मोहल्ल्यात मात्र ही धास्तीही नाही आणि हा फायदाही नाही.

दादींच्या औषधांचा विचारही आताच करा. रोजच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, तपासण्या, साधी शस्त्रक्रिया, हे सर्व नाशिकला होते. मोठे दुखणे आले, तर परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी यावे लागते. आज महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यातून रोगी तेथे येतातच. मुलुंडहून परळ एका लोकलच्या अंतरावर आहे. नाशिकहून पहाटे निघावे लागेल आणि मुंबईत कोणाकडे तरी उतरावे लागेल.

शेजाराबद्दल निश्चित काही सांगणे कठीण आहे. मुंबईत तुम्ही काय खाता, कुठे जाता, हे कोणी विचारत नाही. लहान शहरात सगळे विचारतात. परीक्षेत नापास झालात तर पूर्ण मोहल्ल्याला कळते. पण घरात कोणी आजारी पडले, तर तेही पूर्ण मोहल्ल्याला कळते आणि संध्याकाळपर्यंत तीन घरांतून डबे येतात. अम्मींच्या पिकोच्या गिऱ्हाइकांचेही असेच आहे. मुलुंडची गिऱ्हाइके त्या बरोबर नेऊ शकत नाहीत. नवी मिळायला वर्ष लागेल. अम्मींची ही कमाई हिशेबाच्या कागदावर कोणी लिहितच नाही, म्हणून ती वही तुम्ही स्वतः धरा आणि तेवढा आकडा अवश्य लिहा.

काही लोक मधला मार्ग काढतात. घर नाशिकला ठेवतात आणि नोकरी मुंबईत. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने येतात आणि रात्री परत जातात. नाशिकरोडहून मुंबईचे अंतर रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. यात घर मोठे मिळते, पण अब्बांचे ते पंचाहत्तर तास दुपटीहून अधिक होतात.

शहर पाहायला जायचे ठरलेच, तर ईदच्या सुट्टीत जाऊ नका. ईदला प्रत्येक गाव चांगले दिसते आणि प्रत्येक नातेवाईक प्रेमाने बोलतो. एखाद्या साध्या मंगळवारी जा. नळाला पाणी किती वाजता येते, ते शेजारणीला विचारा. शाळेत जाऊन अकरावीची चौकशी करा. संध्याकाळी द्वारका चौकात बसची वाट पाहत उभे राहा आणि घड्याळ पाहा. अम्मींना एकट्यांना बाजारात जाऊन येऊ द्या. शक्य असेल तर दादींनाही बरोबर न्या. नव्या घराला किती जिने आहेत, हे त्यांच्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही.