कबरीत पडलेला पैलवान

१९६४ साल. ‘द अव्हेंजर्स’ या ब्रिटिश हेरमालिकेच्या एका भागाचं चित्रीकरण सुरू होतं. (मार्व्हलच्या सुपरहिरोंशी तिचा काडीचाही संबंध नाही.) सेट दफनभूमीचा. नायिका कॅथी गेल आणि खलनायकाचा माणूस यांची झटापट. तो माणूस झाला होता जॅकी पॅलो, खराखुरा व्यावसायिक कुस्तीगीर. कॅथी साकारणाऱ्या ऑनर ब्लॅकमनची लाथ जरा जोरातच बसली. पॅलो खोदून ठेवलेल्या कबरीत कोसळला आणि काही मिनिटं शुद्धीवरच आला नाही. वर्तमानपत्रांना आयताच मथळा मिळाला.

१९६१ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा गुप्तहेर स्टीडचा जोडीदार पुरुष होता. तो नट सोडून गेल्यावर १९६२ मध्ये कॅथी आली. मानववंशशास्त्रज्ञ, विधवा, ज्यूदोत तरबेज. सुरुवातीच्या काही संहिता पुरुष जोडीदार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या होत्या, त्या थोडाफार फेरफार करून तिला दिल्या गेल्या. त्यामुळे कॅथी किंचाळत नाही, सुटकेची वाट बघत बसत नाही आणि स्टीडला चार गोष्टी सुनावते. काटकसरीतून एवढी चांगली नायिका क्वचितच जन्माला आली असेल.

ब्लॅकमननंतर आली डायना रिग. हिचं बालपण बिकानेरमध्ये गेलं, वडील तिथे रेल्वेत इंजिनियर होते. तिची एमा पील पडद्यावर भल्याभल्यांना लोळवायची, पण आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी पैसे मिळतात हे रिगला नंतर कळलं. तिने मानधन वाढवून मागितलं आणि मिळवलं. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी मात्र तिलाच पैशांची लोभी ठरवलं.

मारामारी हा सोपा भाग. ‘द अमेरिकन्स’ (२०१३ ते २०१८) ही मालिका त्याच्या पुष्कळ पुढे जाते. तिचा निर्माता ज्यो वाइसबर्ग स्वतः कधीकाळी सीआयएत होता. एलिझाबेथ जेनिंग्ज वॉशिंग्टनच्या उपनगरात राहते, मुलांचे डबे भरते आणि केजीबीसाठी माणसं मारते. नवरा अमेरिकेच्या सुखात हळूहळू विरघळतो, ही तसूभरही हलत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये रात्री एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तिची गाठ हिशेब लिहीत बसलेल्या म्हातारीशी पडते. दोघी बोलत बसतात. लग्न, मुलगा, गेलेला नवरा. बोलता बोलता एलिझाबेथ तिला तिच्याच हृदयविकाराच्या गोळ्या एकेक करून घ्यायला लावते, कारण साक्षीदार मागे ठेवायचा नाही. एलिझाबेथ साकारणाऱ्या केरी रसेलचा आवाज एकदाही चढत नाही. प्रेक्षकाला तिचा राग येतो, तरीही पुढचा भाग बघावासा वाटतो. पुरुष खलनायकांना ही सवलत फार पूर्वीपासून मिळत होती.

आपल्याकडे ‘द टेस्ट केस’ (२०१७) या मालिकेत निम्रत कौरची कॅप्टन शिखा शर्मा लढाऊ तुकडीच्या प्रशिक्षणात एकटीच स्त्री असते. निम्रतचे वडील लष्करात मेजर होते, काश्मीरमध्ये त्यांची हत्या झाली. तिच्या ताठ मानेत ते कुठेतरी असावं. पण इथे सगळं कथानक ‘ती बाई आहे’ याच खुंटीभोवती फिरतं. त्याला लेखकांचा तरी इलाज काय होता? पुण्याच्या खडकवासल्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारं मुलींना उघडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, आणि मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, तिथून बाहेर पडली २०२५ च्या मे महिन्यात.