रॉबिनचे होकायंत्र आणि पोलादी खोली

तांबूस-नारिंगी छातीचा युरोपीय रॉबिन हा स्थलांतर करणारा पक्षी आहे, हे त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांच्याही सहसा ध्यानात येत नाही, कारण शरद ऋतूत बागेतला एक रॉबिन निघून गेला आणि उत्तरेकडून आलेल्या दुसऱ्याने त्याची जागा घेतली तरी दोघांतला फरक डोळ्यांना कळत नाही. महाराष्ट्रातील वाचकांच्या ओळखीचे दयाळ आणि चिरक हे त्याच कुळातले असले तरी ते आपला मुलूख सोडत नाहीत. युरोपीय रॉबिनची वागणूक मात्र जागेप्रमाणे बदलते. ब्रिटनमधले बहुतेक रॉबिन हिवाळाही तिथेच काढतात, तर स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिक किनाऱ्यावरचे रॉबिन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नैर्ऋत्येकडे निघून स्पेन, पोर्तुगाल आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत जातात. जेमतेम अठरा ग्रॅम वजनाचा हा पक्षी हा प्रवास रात्री आणि एकट्याने करतो, आणि त्याच वर्षी जन्मलेले पिल्लूही आईबापांच्या सोबतीशिवाय योग्य दिशेने निघते. ही दिशा त्याला कोण सांगते, या प्रश्नावर युरोपातील प्रयोगशाळांत साठ वर्षांहून अधिक काळ जो वाद चालला, तो या पक्ष्याइतकाच अभ्यासण्याजोगा आहे.

या वादाची सुरुवात फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात झाली. पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरित पक्षी स्थलांतराच्या मोसमात रात्री झोपत नाहीत, सारखे पंख फडफडवत दांड्यांवरून उड्या मारतात, हे पक्षी पाळणाऱ्यांना अठराव्या शतकापासून ठाऊक होते. या स्थलांतरपूर्व अस्वस्थतेलाही दिशा असते, हे गुस्टाफ क्रामर यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले होते आणि दिवसा उडणारे स्टार्लिंग सूर्याच्या आधाराने दिशा ठरवतात हेही सिद्ध केले होते. पाठोपाठ फ्रान्झ आणि एलिओनोर झाउअर या दांपत्याने वटवटे कुळातील पक्षी तारांगणाच्या घुमटाखाली ठेवून ताऱ्यांचा आधार पुढे आणला. रात्रीच्या प्रवासाचे कोडे सुटले, असे मानायला हरकत नव्हती. परंतु फ्रीड्रिख मेर्केल आणि त्यांचे विद्यार्थी हान्स फ्रोमे यांनी रॉबिन बंद खोलीत ठेवले, जिथून ना तारे दिसत होते ना चंद्र, आणि तरीही त्यांच्या उड्यांचा कल शरदात नैर्ऋत्येकडेच राहिला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला फ्रोमे यांनी १९६१ मध्ये आणखी एक, आणि खरे तर अधिक महत्त्वाचे, निरीक्षण जोडले: तेच पक्षी पोलादी खोलीत ठेवले की त्यांची दिशा हरवत असे. पोलाद असे काहीतरी अडवत होते किंवा बदलत होते, जे डोळ्यांना दिसत नाही पण रॉबिनला हवे असते.

फ्रोमे यांचे नाव आज विशेषज्ञांखेरीज कोणी घेत नाही, आणि त्याचे एक कारण त्यांच्या निष्कर्षाला लगेच झालेल्या विरोधात आहे. नेदरलँड्सचे ए. सी. पेर्डेक हे काही सामान्य टीकाकार नव्हते. अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग हेगजवळ पकडून, पायांत कडी घालून, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडण्याचा आणि त्यांतले प्रौढ पक्षी चूक सुधारून नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळतात, तर नवखे पक्षी मूळ दिशेला समांतर उडत भलतीकडे पोहोचतात हे दाखवणारा प्रयोग त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी रॉबिनवरचा फ्रँकफर्टचा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि दृश्य खुणांशिवाय पक्ष्यांना कोणतीच दिशा सापडत नाही, असा निष्कर्ष १९६३ मध्ये मांडला. अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनाही निळ्या बंटिंग पक्ष्यांच्या बाबतीत तारे झाकल्यावर दिशा हरवलेलीच आढळली.

विरोधकांचा संशय अनाठायी नव्हता. एकेका रात्रीच्या उड्या चहूकडे विखुरलेल्या असत आणि अनेक रात्रींची नोंद एकत्र करून सरासरी काढल्यावरच एक क्षीण कल दिसे. अशा कलावर एक नवे ज्ञानेंद्रिय उभे करायला कोणताही सावध अभ्यासक कचरणारच. एमलेन यांनी वडील जॉन एमलेन यांच्यासह १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला नरसाळ्याचा पिंजरा या अडचणीवर उपयोगी पडला. टिपकागदाचे नरसाळे, त्याच्या तळाशी शाईची गादी आणि वर जाळी, एवढीच त्याची रचना होती. पक्षी गादीवर उभा राहतो, ज्या दिशेला जायचे त्या बाजूच्या उतारावर झेप घेतो आणि घसरून पुन्हा तळाशी येतो, त्यामुळे सकाळी कागदावर शाईच्या पावलांचा दाट पट्टा त्याची इच्छित दिशा दाखवतो. पुढे टिपकागदाची जागा टंकलेखनातील चुका खोडण्याच्या पांढऱ्या लेपाच्या कागदाने घेतली आणि पावलांऐवजी नखांचे ओरखडे मोजले जाऊ लागले. इतक्या स्वस्त साधनाने एवढ्या मोठ्या प्रश्नाची नोंद होऊ शकावी, ही गोष्ट प्रायोगिक जीवशास्त्राला भूषणावह आहे.

मेर्केल यांचे दुसरे विद्यार्थी वोल्फगांग विल्ट्श्को यांनी पोलादी खोलीचे कोडे हाती घेतले. पोलादामुळे आतले चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या मानाने बरेच दुबळे होते, हे लक्षात घेऊन त्यांनी पिंजऱ्याभोवती तारेची मोठी वेटोळी उभारली आणि त्यांतून वीज सोडून चुंबकीय उत्तर दिशाच फिरवली. पक्ष्यांच्या उड्यांचा कल तिच्याबरोबर फिरला. नेहमीपेक्षा बऱ्याच दुबळ्या किंवा बऱ्याच प्रबळ क्षेत्रात एकदम नेलेला रॉबिन गोंधळतो, पण त्याच क्षेत्रात काही दिवस राहू दिला की त्याला दिशा पुन्हा सापडते, हेही त्यांनी दाखवले. फ्रँकफर्टमधील निकाल आणि इतरत्र आलेले अपयश यांचा मेळ इथे लागू लागतो, कारण पक्षी कोणत्या इमारतीत आणि किती दिवस ठेवला आहे, यावरही प्रयोगाचा निकाल अवलंबून होता.

१९७२ मध्ये विल्ट्श्को आणि त्यांच्या पत्नी रोस्विथा यांनी त्याहून चकित करणारी गोष्ट मांडली. रॉबिनचे होकायंत्र माणसाच्या होकायंत्रासारखे उत्तर आणि दक्षिण ध्रुव ओळखतच नाही. चुंबकीय बलरेषा जमिनीशी जो कोन करतात, म्हणजे नतिकोन, त्यावरून ते ध्रुवाची बाजू आणि विषुववृत्ताची बाजू एवढेच ठरवते. फ्रँकफर्टला हा कोन सुमारे ६६ अंश आहे, आणि क्षेत्राचा फक्त उभा घटक उलटा केला की उत्तर दिशा जागेवर असतानाही रॉबिन पाठ फिरवतो. वादाचा शेवटही देखणा झाला. विल्ट्श्को दांपत्य एमलेन यांच्यासोबत त्यांच्याच बंटिंग पक्ष्यांवर प्रयोग करायला बसले, आणि त्या पक्ष्यांनाही चुंबकीय दिशा कळते असे सांगणाऱ्या १९७६ च्या निबंधावर टीकाकार आणि टीकेचा विषय झालेले संशोधक यांची नावे एकत्र छापली गेली.

इंद्रिय कोणते, हा प्रश्न उरलाच होता. क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार प्रकाशामुळे एखाद्या रेणूत इलेक्ट्रॉनांची अशी जोडी तयार होते, जिच्या फिरकीवर पृथ्वीच्या क्षेत्राइतक्या दुबळ्या क्षेत्राचाही परिणाम होतो. ही कल्पना बरीच वर्षे फारशी कोणी मनावर घेतली नाही. मात्र निळ्या-हिरव्या प्रकाशात दिशा ओळखणारे रॉबिन लाल प्रकाशात ती हरवतात असे दिसले आणि २००० मध्ये थॉर्स्टन रिट्झ यांच्यासह शुल्टेन यांनी दृष्टिपटलातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनाकडे बोट दाखवले, तेव्हा तिला वजन आले.

ओल्डेनबर्ग विद्यापीठात हेन्रिक मौरित्सेन यांच्या गटापुढे आलेली अडचण मात्र कोणत्याही सिद्धान्तात बसत नव्हती. विद्यापीठाच्या आवारातील लाकडी झोपड्यांत रॉबिनना दिशा सापडतच नव्हती, आणि अन्न, प्रकाश, पिंजरे असे सर्व काही बदलून पाहिले तरी फरक पडत नव्हता. मग नील्स-लास्से श्नायडर या सहकाऱ्याच्या सूचनेवरून झोपड्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून त्यांना अर्थिंग दिले गेले. या पत्र्यांतून पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र सहज आत येते, पण रेडिओ लहरींचा गोंगाट अडतो. पत्रे लावताच पक्षी उत्तम दिशा दाखवू लागले, आणि अर्थिंग तोडताच पुन्हा गोंधळले. असा निकाल छापायला घाई करण्याचा मोह कोणालाही झाला असता. या गटाने मात्र सात वर्षे तो पुन्हा पुन्हा तपासला, विद्यार्थ्यांच्या नव्या तुकड्यांकडून करवून घेतला, आणि कागदावरचे ओरखडे मोजणाऱ्याला कोणता कागद कोणत्या स्थितीतला हे कळू न देण्याची पद्धत पाळली. २०१४ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या या निबंधाची सगळी मातब्बरी या चिकाटीत आहे.

पक्ष्यांना भोवणारा गोंगाट साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता, म्हणजे विद्युत उपकरणांतून निघणारा आणि मध्यम लहरींवरील रेडिओ प्रक्षेपणाच्या टापूतला; शहराबाहेर ग्रामीण भागात नेलेल्या रॉबिनना पत्र्यांवाचूनही दिशा सापडत होती. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरींची वारंवारता या पट्ट्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असते, त्यामुळे चिमण्या कमी होण्याचा दोष मनोऱ्यांना देताना हा निबंध पुराव्यादाखल पुढे करणे योग्य नाही, हे महाराष्ट्रात वारंवार होणाऱ्या चर्चेच्या संदर्भात स्पष्ट सांगायला हवे. ज्या विद्यापीठाच्या आवारात असा गोंगाट असतो, तिथले कित्येक जुने फसलेले प्रयोग केवळ त्यामुळेच फसले असतील, ही शक्यताही आता गंभीरपणे घ्यावी लागते.

क्रिप्टोक्रोमची बाजू पुढच्या वर्षांत भक्कम झाली. रॉबिनच्या दृष्टिपटलातील क्रिप्टोक्रोम-४ स्थलांतराच्या मोसमात वाढते आणि स्थलांतर न करणाऱ्या कोंबडीत तसे होत नाही, हे २०१८ मध्ये समोर आले. २०२१ मध्ये ऑक्सफर्डचे पीटर होर आणि ओल्डेनबर्गचा गट यांनी परीक्षानळीत दाखवले की रॉबिनचे हे प्रथिन कोंबडी आणि कबुतर यांच्या प्रथिनांपेक्षा चुंबकीय क्षेत्राला अधिक संवेदनशील आहे. हे सारे जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात घडते का, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. शिवाय ओल्डेनबर्गचा गोंगाट पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पटींनी दुबळा होता, आणि इतक्या क्षीण लहरीने होकायंत्र बिघडायचे असेल तर इलेक्ट्रॉनांच्या जोडीची नाजूक अवस्था आजवरच्या सिद्धान्ताने धरलेल्या काळापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकायला हवी. जो सिद्धान्त रॉबिनला दिशा कशी कळते ते समजावतो, त्यालाच ती दिशा इतक्या क्षीण गोंगाटाने का हरवते हे समजावता येत नाही, आणि सध्या होर व मौरित्सेन यांच्यासारख्या अभ्यासकांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.